अक्काला सांगितलंस, मला नाही

वसुधा,

तू गेल्यापासून घरी येणारा प्रत्येक माणूस एकच वाक्य बोलतो. चप्पल काढतो, खुर्चीत टेकतो, पाण्याचा पेला हातात घेतो आणि म्हणतो, "बघा ना, जन्मभर दुखण्यावर संशोधन केलं आणि शेवटी त्यांच्याच वाट्याला एवढं दुखणं यावं!" वर हे आपल्यालाच पहिल्यांदा सुचलंय अशा चेहऱ्यानं माझ्याकडे बघतो. मी मान हलवतो. तू असतीस तर म्हणाली असतीस, "मी उंदरांच्या दुखण्यावर काम केलं. त्याचा माझ्या स्वादुपिंडाशी काय संबंध?" आणि समोरच्याचा चहा तसाच गार झाला असता.

सोसायटीच्या बोर्डावर तुझा फोटो लावला होता. खाली लिहिलं होतं, 'मेंदूतील आनंदाच्या हार्मोनचा शोध लावणाऱ्या थोर शास्त्रज्ञ'. एका ओळीत किती चुका! मी चेअरमनना जिन्यातच गाठलं. म्हटलं, "साहेब, ते हार्मोन नाही, न्यूरोपेप्टाइड. आनंदाचं नाही, वेदनेशी संबंधित. आणि शोध तिनं नाही लावला, तो आधीच लागला होता. ती त्याच्या रिसेप्टरवर काम करायची." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "तेच ते हो. अशा वेळी तुम्ही त्रास नका करून घेऊ."

तेच ते! एवढं शिकवून ठेवलंस मला, की आता दुःख करायला बसलो तरी आधी दुरुस्त्या सुचतात.

गेलेल्या माणसाबद्दल चांगलं लिहायचं असतं म्हणतात. ते नंतर बघू. आधी मला तुझ्याशी भांडायचंय. आपलं भांडण अर्धवट राहिलंय आणि माझी बाजू ऐकून न घेताच तू उठून गेलीस. ही तुझी जुनी खोड.

मी क्वालिटीचा माणूस. चाकणच्या कंपनीत माझ्या टेबलावर आलेला पार्ट एक तर पास व्हायचा, नाहीतर रिजेक्ट. मधलं काही नसायचं. आणि घरी आलो की तू. लग्नानंतर पहिल्यांदा विचारलं होतं, "मेंदू स्वतःच दुखण्याचं औषध बनवतो, असं तू म्हणतेस ना?" 

"असं म्हणता येत नाही."

"मग कसं म्हणता येतं?"

"काही पेप्टाइड्स काही रिसेप्टर्सवर बसतात. काही परिस्थितीत त्यामुळे वेदनेचा निरोप पुढे कमी पोचतो."

"म्हणजे तेच झालं की!"

"तेच नाही झालं, दत्ता." एवढं बोलून तू जेवायला लागलीस. मी वाट बघत बसलो. पुढचं वाक्य आलंच नाही.

मला जे काही समजलं ते तुझ्या विद्यार्थ्यांना विचारून विचारून. मेंदूतल्या पेशी छोट्या छोट्या साखळ्या तयार करतात, ती पेप्टाइड्स. दुसऱ्या पेशींच्या अंगावर त्यांना झेलणाऱ्या जागा असतात, ते रिसेप्टर. झेलून झालं की तो रिसेप्टर पेशीच्या आत बुडी मारतो. काही पुन्हा वर येतात, काही आतच मोडीत निघतात. मॉर्फिन हे बाहेरचं औषध, पण तेही याच जागी येऊन बसतं. कुठला रिसेप्टर वर येतो, कुठला येत नाही आणि का, यात तुझं उभं आयुष्य गेलं. "मिळालं का उत्तर?" असं मी दर दिवाळीला विचारायचो. "प्रश्न जरा नीट झाला," असं तू म्हणायचीस. आमच्याकडे असं उत्तर एखाद्या ज्युनियरनं दिलं असतं तर मी त्याला शॉप फ्लोअरवर परत पाठवला असता.

एकदा मला प्रयोगशाळेत नेलंस. अंधारी खोली, एसीचा गारठा. मायक्रोस्कोपला डोळा लावायला सांगितलंस. हिरवे ठिपके दिसले, काठाला दाट, आत विरळ. तू म्हणालीस, "आता थांब, हलू नकोस." मी थांबलो. थोड्या वेळानं ठिपके काठावरचे कमी झाले आणि आत वाढले. मी म्हटलं, "हं. छान." बस. त्या एका 'छान'साठी तू आठवडाभर माझ्याशी धड बोलली नाहीस. अगं, काय म्हणायला हवं होतं मी? अजूनही कळलेलं नाही. ठिपके छानच होते.

आता अक्काचं.

अक्का म्हणजे माझी थोरली बहीण, चाकणच्या पलीकडच्या गावात दिलेली. हे तुला सांगायची गरज नाही, पण माझ्याशिवाय हे आणखी कुणी वाचलं तर त्याला कळायला हवं, की तुमचं दोघींचं पहिल्या दिवसापासून जमलं नाही. तू मला चारचौघांत नावानं हाक मारलीस आणि अक्का म्हणाली, "नवऱ्याला दत्ता म्हनती! जसा काय गडी हाय." त्यावर तू अगदी शांतपणे विचारलंस, "पण त्याचं नाव दत्ताच आहे ना, अक्का?" तिथून जे सुरू झालं ते झालंच. एका सणाला अक्कानं साडी गुडघ्यापर्यंत वर घेऊन पाय तुझ्यापुढे केला. "डॉक्टर हाईस ना? दे यावर गोळी."

"मी त्यातली डॉक्टर नाही, अक्का."

"मंग कशातली?"

"मेंदूतल्या पेप्टाइड्सची."

"म्हंजी न्हाईच," अक्का म्हणाली आणि साडी खाली केली. सगळं घर हसलं. तूही हसलीस, ते मला खरं वाटलं नव्हतं.

आणि भाच्याच्या लग्नातलं ते. भरल्या पंगतीत, वाढता वाढता, अक्का कुणाला तरी म्हणाली, "पोर न्हाई, बाळ न्हाई. उंदरं सांभाळन्यात बाईचं वय गेलं." तुला ऐकू जाईल अशा बेतानंच म्हणाली. माझा घास हातातच राहिला. रिक्षावाल्यानं एखादा शब्द चुकीचा वापरला तरी त्याला थांबवणारी तू, एक अक्षर बोलली नाहीस. ताट संपवलंस. म्हणालीस, "जिलबी चांगली झालीय." परतताना मी गाडीत धुमसत होतो आणि तू फक्त एवढंच म्हणालीस, "मोशीपर्यंत जरा हळू चालव." त्यानंतर मी अक्काकडे जाणं जवळजवळ बंद केलं. तू कधी त्याबद्दल बोलली नाहीस. मी समजून चाललो, की तू ते मनात धरून ठेवलंयस. धरावंच असं होतं.

मग तुझं आजारपण आलं आणि उपचार सरले. डॉक्टर म्हणाले, आता फक्त दुखू द्यायचं नाही. त्यातही तू कुणाला सुखानं काम करू दिलं नाहीस. घरी येणारी नर्स सुजाता, लातूरकडची गुणी मुलगी. ती बिचारी तक्ता घेऊन बसायची. "मावशी, एक ते दहामधी किती दुखायलंय?"

"दहा म्हणजे किती?"

"लई. सहनच होत नाही तेवढं."

"तेवढं मला अजून झालेलं नाही. मग दहा कुठं असतं हे मला कसं कळणार? आणि काल सहा सांगितलं ते कालच्या मानानं. आज माझी पट्टीच बदललेली असेल."

सुजातानं माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "सात लिही."

"तू कोण सात सांगणारा?"

"नवरा."

"ते इथं धरत नाहीत," तू म्हणालीस. सुजाता हसली, तूही हसलीस, मग हसताना पोटात कळ आली आणि गप्प झालीस. तिनं सातच लिहिलं. वसुधा, एखादा आकडा सांगून टाकला असतास तर काय बिघडलं असतं?

अक्का पिशवी घेऊन दारात उभी राहिली, तेव्हा मला तिला खालच्या खाली परत पाठवायचं होतं. तू आतून ओरडलीस, जेवढं ओरडता येत होतं तेवढं. "आत येऊ दे त्यांना. मला भाकरी खायचीय." तेव्हा तुला चतकोरसुद्धा जात नव्हती.

मला तू घरात बसू देत नव्हतीस. "माझ्या तोंडाकडे बघत बसू नकोस, कंपनीत जा," हा रोजचा हुकूम. निवृत्तीनंतर सल्लागार म्हणून जायचो ते काम मी तुझ्या हट्टापायी चालू ठेवलं. मॉर्फिनची सकाळची गोळी देऊन मी निघायचो, दुपारची अक्का द्यायची. तू मला बजावून ठेवलं होतंस, दुखायला लागल्यावर नाही, दुखायच्या आधी द्यायची. एरवी कुठल्याही वाक्यात दोन 'कदाचित' घालणारी तू हे ठामपणे सांगितलं होतंस.

आणि तरी एका संध्याकाळी मी आलो तर तू भिंतीकडे तोंड करून, गुडघे पोटाशी घेऊन पडलेली. उशी घामानं ओली. मी लगेच डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, डोस वाढवू. तू हात वर केलास. "वाढवू नका. दोन दिवस थांबा. मला बघायचंय."

"काय बघायचंय?"

"बघू."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पुन्हा तेच. तेव्हा माझं डोकं फिरलं. अख्खी सोसायटी ऐकेल असा ओरडलो मी. "स्वतःच्या अंगावर प्रयोग चाललाय का तुझा? अजून रिसेप्टर मोजायचेत? पुरे झालं! तू उंदीर नाहीस, वसुधा!"

स्वयंपाकघरातला भाकरी थापल्याचा आवाज थांबला. तू डोळे मिटलेस आणि म्हणालीस, "बरं. प्रयोग समज."

त्यानंतर संध्याकाळ बरी जायला लागली. मी समजलो, प्रयोग संपला. इतका वैतागलो होतो, की निष्कर्ष काय निघाला हेसुद्धा विचारलं नाही. नंतरचे दिवस तू शांत होतीस. शेवटही शांतपणे आला. त्याबद्दल इथं लिहीत नाही.

तू विधी नको म्हणाली होतीस, तरी अक्कानं तिच्या परीनं सगळे केले. मी अडवलं नाही. मग तिची गावाला जायची सकाळ आली. मी गाडीची किल्ली घेतली, तर ती ओट्यापाशीच पिशवी धरून उभी. म्हणाली, "दत्ता, येक बोलायचंय. मंग मला गाडीत घे न्हाईतर हाकलून दे."

"काय?"

"दुपारची गोळी मी देत न्हवते. पयल्यांदा."

मला अर्थच लागेना. "देत नव्हतीस म्हणजे?"

"पदराला बांधून ठेवत व्हते. अफूची हाय म्हनत्यात ती. घेतली की मानूस गुंगीत जातंय आन गुंगीतच सपतंय. आमच्या धाकल्या भाऊजींना दारूनं कसं नेलं ते म्या बगितलंय. मला वाटलं, जेवढी कमी पोटात जाईल तेवढी जास्त दिस ऱ्हाईल." मग ती ओट्याला धरून रडायला लागली. "मला तिला घालवायची न्हवती रं."

मी खुर्चीवर बसलो. विचारलं, "तिला कळलं होतं?"

"पयल्याच दिशी. म्हनली, अक्का, गोळी कुठाय? म्या म्हनलं, देनार न्हाई. मला वाटलं आता तुला फोन लावती. तर म्हनली, बसा हितं जवळ."

पुढचं अक्कानं सांगितलं तसंच लिहितो. तू तिला विचारलंस, "अक्का, भातखाचरात पाय मोडला होता तेव्हा तुम्ही घरापर्यंत चालत आलात ना?" व्हय, अक्का म्हणाली. "तेव्हा किती दुखलं?" अक्काला आठवलं, की तेव्हा दुखलं नव्हतं. घरी येऊन बसल्यावर जीव जायची वेळ आली. मग तू म्हणालीस, "वाटेत तुमच्या डोक्यानंच तुम्हाला गोळी दिली होती. अशीच. तीच जागा, तेच काम. प्रत्येकाच्या डोक्यात ती तयार होते. माझ्या डोक्याकडची आता पुरत नाही, म्हणून बाहेरून घ्यायची. ही मला मारणार नाही, अक्का. दुखणंच मारतंय."

"मला पटलं न्हाई पयल्या दिशी," अक्का म्हणाली. "दुसऱ्या दिशी पुन्यांदा सांगितलं तिनं. बोलता बोलता थांबायची, दात आवळायची, परत बोलायची. मंग तिसऱ्या दिशी म्या पदराची गाठ सोडली."

वसुधा, मी तिथं बसून काय विचार करत होतो सांगू? तुला वाटेल, अक्काचा राग आला असेल. तो नंतर आला, आणि गेलाही. आधी तुझाच आला. आपला सगळा संसारभर मी तुला विचारत होतो, तू नेमकं काय करतेस. मला तू 'असं म्हणता येत नाही' म्हणालीस. आणि अक्काला चार वाक्यांत सगळं सांगून टाकलंस! त्या चार वाक्यांत तू स्वतःच किती ठिकाणी लाल शाई मारली असतीस. 'तीच जागा, तेच काम.' हे माझ्या तोंडून निघालं असतं तर जेवण गार होईपर्यंत ऐकवलं असतंस. विद्यार्थ्यांना एका स्वल्पविरामावरून रडवणारी बाई, कळा येत असताना, इतकं ढोबळ बोलली. आणि कुणाशी, तर अक्काशी.

मी म्हटलं, "मला का नाही सांगितलं तुम्ही दोघींनी?"

"म्या म्हनलं व्हतं, सांगू का दत्ताला? तर म्हनली, नका. तो तुमाला आजच गावाला धाडील. मंग दुपारचं माज्यापाशी कोन बसंल?"

बरोबर ओळखलंस. धाडलीच असती. पिशवीसकट. पण तू मला तुझ्यावर ओरडू दिलंस, अक्का ऐकत असताना, आणि वर म्हणालीस, प्रयोग समज. हे कुठल्या तोंडानं केलंस? अक्काला वाचवलंस ते ठीक. माझा विचार केला होतास? बायकोला म्हटलेल्या शेवटच्या मोठ्या वाक्यात 'उंदीर' हा शब्द आहे, हे घेऊन मी आता काय करू?

आणि लग्नातलं ते जिलबीचं. मी उगाच इतकी वर्षं तुझ्या वतीनं अक्कावर रागावून बसलो होतो. तू रागावलेली नव्हतीसच, की होतीस आणि मग सोडून दिलंस? का दुपारी जवळ बसणारं कुणी हवं, यापुढे बाकी सगळं फिकं पडलं? विचारायचं राहिलं. विचारलं असतं तरी तू काय म्हणाली असतीस ते मला माहीत आहे.

अक्काला मी गाडीत घेतली.

परवा तिच्या गावी गेलो होतो, तिची भांडी राहिली होती ती द्यायला. घरी नव्हती. शेजारी मुलाण्यांच्या घरात आहे म्हणाले. हुसेनाबी, अक्काची जुनी मैत्रीण, तुला आठवत असेल, तुझ्या हिरव्या साडीचं कौतुक केलं होतं तिनं. तिला हाडांत कॅन्सर पसरलाय. तिचा मुलगा रफिक, रस्त्याला गॅरेज आहे त्याचं, गोळ्यांचं पाकीट मुठीत धरून दारात उभा होता. अक्का त्याच्यासमोर कमरेवर हात ठेवून.

"मावशी, सवय लागंल तिला. नशेची गोळी हाय ही."

"लागू दे की सवय. तिला काय आता लग्नाला जायचंय का कंपनीत? अरं, आपल्या डोक्यात ही गोळी व्हती तयार. आपल्या आपुन. तुजं बोट गॅरेजात चेचलं तवा लगीच दुखलं का?"

"न्हाई. मागनं दुखलं."

"ते का? तर डोक्यानं गोळी दिली. आता म्हातारीच्या डोक्यातलं दुकान बंद पडलंय. ते उघडंस्तवर बाहेरनं आनायची. आन ही पोटात गेली, की दुखन्याच्या भोकात जाऊन बसती. दुखनं आलं तर त्याला बसाया जागाच न्हाई!"

वसुधा, दुकान! भोक! रिसेप्टरवर गोळी बसते ते सोडून अक्कानं दुखणंच रिसेप्टरवर बसवलं. तुझं सगळं आयुष्य एका वाक्यात उलटं टांगलं. माझ्या ओठांवर आलं होतं, की अगं, तसं नाही.

रफिकनं मला बघितलं. "मामा, मामी तर यातल्याच हुत्या. मावशी म्हनती ते खरं हाय का?"

आतून हुसेनाबीचा आवाज येत होता. रडणं नव्हे, एकसुरी कण्हणं, श्वासागणिक. मला ते ओळखीचं होतं.

"खरं आहे," मी म्हटलं. "डॉक्टरनं सांगितल्या वेळेला दे. दुखायची वाट बघू नकोस."

त्यानं पाणी आणलं. अक्कानं हुसेनाबीची मान उचलून धरली. आम्ही ओट्यावर बसलो, रफिकच्या बायकोनं चहा दिला, रस्त्यावरून कंपन्यांच्या बसगाड्या जात राहिल्या. बऱ्याच वेळानं आतलं कण्हणं विरळ झालं, मग थांबलं. अक्का उठून आत बघून आली. म्हणाली, झोपलीय.

मग माझ्याशेजारी टेकली आणि दबक्या आवाजात विचारलं, "काय रं, बराबर सांगितलं ना म्या? तिनं सांगितलं तसंच?"

"बरोबर सांगितलंस," मी म्हणालो. "मधे जरा चुकलं."

"कुठं?"

मी तोंड उघडलं. आणि वसुधा, ते नेमकं कुठं चुकलं, हे माहीत असूनही मला अक्काला सांगता आलं नाही. तोंडी आलं ते तुझंच, 'असं म्हणता येत नाही.'